गरम बॉनेट

माझा मामा जुन्या गाड्या विकत नाही आणि स्वतःसाठी त्यानं कधी घेतलीही नाही. तो फक्त बघतो. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की लोक त्याला बरोबर नेतात. मामा गाडीभोवती एक चक्कर मारतो, वाकून खालून बघतो, थोडी चालवतो आणि शेवटी 'घ्या' किंवा 'सोडा' एवढंच म्हणतो. पस्तीस वर्षं गॅरेजात काढल्यावर गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हापासून हेच त्याचं काम.

त्याची एक अट असे आणि ती तो फोनवरच सांगे: आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. थंड इंजिन सगळी दुखणी दाखवतं. धूर सोडतं, खडखडतं, चालू व्हायला कुरकुर करतं. तेच एकदा तापलं की शहाण्यासारखं वागतं. त्यामुळे लबाड विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून आणतो. मामा पोहोचला की कुणाशी बोलायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. गरम लागलं की तिथूनच परत फिरायचा. समोरच्यानं कारण सांगितलं तरी ऐकायचा नाही. 'कारणं सगळ्यांकडे छान असतात,' म्हणायचा. दलालांनी त्याचं नाव थंडोबा पाडलं होतं आणि तो ते पदवीसारखं मिरवत असे.

भाव करण्याचीही त्याची एक रीत होती. गाडी कितीही आवडली तरी पहिल्या दिवशी हो म्हणायचं नाही. निघून यायचं आणि आठ दिवस गप्प बसायचं. मग विकणाराच फोन करतो आणि आकडा खाली आणतो. मी सर्व्हिस सेंटरमध्ये काम करते, गाडीला कॉम्प्युटर जोडून बिघाड शोधते. मामाच्या या पद्धतींना मी हसायचे. पण त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नव्हता.

एवढं सगळं करून स्वतः मात्र स्कूटरवर. मामीला त्याचं काही वाटायचं नाही. ती घरी शिवणकाम करायची, तिला कुठे जायचंच नसायचं. मग तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. चार तास मशीनवर पडून राहायचं आणि रिक्षानं परत यायचं. त्या उपचारानंतर तिला फार थंडी वाजायची. रिक्षात दोन्ही बाजूंनी वारा. मामा तिला शालीत गुंडाळून धरून बसायचा, तरी घरी येईपर्यंत तिचे ओठ निळे पडलेले असायचे. एकदा, फक्त एकदाच, ती म्हणाली की मागे रेलता येईल अशी सीट आणि बंद होणाऱ्या काचा असलेलं काहीतरी बघा, कितीही जुनं चालेल.

मामा कामाला लागला. चार महिन्यांत त्यानं अकरा गाड्या पाहिल्या आणि अकराही सोडल्या. एकीच्या दाराला रंगाचा दुसरा हात होता, एक पुरात बुडालेली होती, एकीचा मीटर मागे फिरवलेला. दुसऱ्या कुणासाठी त्यानं यातल्या निदान तीन घ्यायला लावल्या असत्या. मामीसाठी मात्र त्याला डाग नसलेली हवी होती.

"मला पसंत करायला तुम्हाला अर्धा तास पुरला," मामी त्याला माझ्यासमोर म्हणाली, "आणि या डब्याला चार महिने?"

"तुझी वॉरंटी होती," मामा म्हणाला.

"ती संपली की आता."

आम्ही तिघंही हसलो होतो. मला ते हसणं आता आठवायला नको वाटतं.

बारावी गाडी एका निवृत्त ग्रंथपालाची होती. एकटा राहणारा माणूस, एकाच हातात वापरलेली लहानशी गाडी. मामानं फोनवर नेहमीची अट घातली आणि वर सांगितलं की बायकोलाही आणतोय, तिची तब्येत बरी नसते, थंडी सोसत नाही, तिला सीट जमते का तेवढं बघायचंय. सकाळी सातची वेळ ठरली. कडाक्याची थंडी होती. मी माझा कॉम्प्युटर घेऊन गेले.

ग्रंथपाल मफलर गुंडाळून फाटकाशीच उभे होते. त्यांनी आधी मामीसाठी ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. मामी आत बसली, सीटचा खटका ओढून मागे रेलली आणि तिनं डोळे मिटले. "इथे किती बरं वाटतंय गं," ती मला म्हणाली. "ऊब आहे."

तोवर मामाचा तळहात बॉनेटवर गेला होता. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. ग्रंथपाल काहीतरी सांगायला पुढे आले, "त्याचं असं झालं की..." पण मामानं हात वर करून त्यांना थांबवलं. मी हळूच म्हटलं, मामा, मला निदान जोडून तरी बघू दे. त्यानं मान हलवली आणि मामीला उतरायला सांगितलं.

ती लगेच उतरली नाही. "पाच मिनिटं बसू द्या ना," म्हणाली. मामानं तिला हाताला धरून उतरवलं. ते दोघं रिक्षानं घरी गेले, मी कामावर.

त्यानंतर सहाव्या दिवशी, मशीनवर असतानाच, मामीचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, हे केव्हाही होऊ शकलं असतं.

पाच महिन्यांनी तीच गाडी आमच्या सर्व्हिस सेंटरला आली. मी नंबरावरून ओळखली. ग्रंथपालांनी ती अजून विकलेली नव्हती. मी कॉम्प्युटर जोडला, इंजिन तपासलं, लिफ्टवर चढवून खालून पाहिली. खोट काढायला जागा नव्हती. ड्रायव्हरशेजारची सीट तेवढी मागे रेललेली होती. मी विचारलं तर म्हणाले, तिथे कुणी बसतच नाही, त्यामुळे सरळ करायचं राहून गेलं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मला ओळखलं. त्या बाई कशा आहेत, विचारलं.

मी सांगितलं. ते वाकून त्या रेललेल्या सीटकडे बघू लागले.

"इंजिन चालू करू नका असं त्यांनी मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण थंडी सोसत नाही हेही सांगितलं होतं ना. इंजिन तापल्याशिवाय आतला हीटर चालत नाही. म्हणून वीस मिनिटं चालू ठेवली. मला वाटलं, आल्यावर समजावून सांगेन."

हीटर इंजिनच्याच उष्णतेवर चालतो, हे मी रोज लोकांना समजावते. त्या सकाळी मामी 'ऊब आहे' म्हणाली तेव्हा मी हातभर अंतरावर उभी होते.

दोन दिवस मी ते मनात ठेवलं. मामाला सांगून काय मिळणार, असंही वाटलं. तिसऱ्या दिवशी कामावरून थेट त्याच्याकडे गेले. मामीच्या शिलाई मशीनवर कापड टाकलेलं होतं, त्यावर मामाच्या चष्म्याचं घर. मी अडखळत सगळं सांगितलं, रेललेल्या सीटसकट. तो ऐकत राहिला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

मला कळेना.

"तुझ्या मामीनं रिक्षातच सांगितलं. म्हणाली, अहो, त्या भल्या माणसानं माझ्यासाठी तापवली होती. मी म्हटलं, तू भोळी आहेस. पण घरी येईपर्यंत मला पटलं होतं."

"मग फोन का नाही केलास?"

मामा स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. "गाडी घ्यायची हे त्याच दुपारी ठरवलं होतं. तिलाही सांगितलं. म्हटलं, आता निघून आलोच आहोत, तर आठ दिवस थांबू. आकडा खाली येईल, वाचलेल्या पैशात तुला नवीन सीट कव्हर घालू. तिनं रंगसुद्धा सांगितला." त्यानं तळहात मिटला. "त्या आठवड्यात तिच्या तीन फेऱ्या होत्या. तिन्ही रिक्षानं झाल्या. तिसऱ्या वेळी परत आलीच नाही."



"नवव्या दिवशी ग्रंथपालांचा फोन आला," मामा म्हणाला. "माणसं घरात बसलेली होती. मी बाहेर जाऊन घेतला. मी धरला होता तेवढाच आकडा त्यांनी सांगितला, पोरी. बरोबर तेवढाच."

बाहेर कुणीतरी हाक मारली. उद्या एक गाडी बघायला चला म्हणून विचारायला आले होते. मामानं खिडकीतून बघितलं आणि हातानंच नाही म्हटलं. मग त्यानं मला विचारलं, ती सीट मी सरळ केली का.

मी म्हटलं, नाही.