'अ' श्रेणीची शाळा

डी.एड.च्या दोस्तांनो, शिरूरच्या कॅफेत बसून लिहितोय. ह्याच हातानं आज चौथीतल्या रेश्माला मारलं.

नव्या पद्धतीत मुलांच्या वाचनावरून शाळेची श्रेणी ठरते. आज तपासणीला साहेब येणार होते, म्हणून कच्च्या मुलांना आम्ही कालच सांगितलं, उद्या येऊ नका. तुमच्याकडंही हेच चालतं, उगाच साव बनू नका.

रेश्मा तरीही आली. डोक्याला तेल, लाल रिबिनी, धुतलेला गणवेश. तेवढ्यात गेटात साहेबांची जीप दिसली आणि माझं डोकंच फिरलं. फाडकन कानाखाली मारली. ती बाकावर आपटली, ओठ फुटला. तशीच फरफटत नेऊन खिचडीच्या खोलीत कोंडली, बाहेरून कडी घातली.

साहेब दोन तासांनी 'अ' श्रेणी देऊन गेले. हेडमास्तरांनी पेढे वाटले.

मग कडी काढली. ती दाराशीच बसली होती, गणवेशावर रक्त वाळलेलं. मला बघून उठली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, म्या आवाज न्हाई केला. मिळाला का आपल्याला 'अ'?"

'आपल्याला' म्हणाली ती.

उद्या हजेरी घेताना तिचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ, सांगा.