गळ्यात मफलर घातलेली गिटार

दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रे काढणाऱ्या बाईंना सगळे एक्स-रेबाईच म्हणत. दिवसभर लोकांची हाडं बघायची आणि घरी आल्यावर पाय वर घेऊन फोनवर जुन्या गिटारींच्या जाहिराती वाचायच्या, हा त्यांचा नेम. घ्यायचं काही नसे. तरुणपणी त्या बरी गिटार वाजवत, म्हणून नजर तयार होती एवढंच. ‘फारशी वापरलेली नाही’ म्हणजे तारा गंजल्या आहेत. ‘दुर्मीळ’ म्हणजे कंपनीने बनवायची सोडली, आणि उगाच सोडली नाही. ‘जाणकारांनीच फोन करावा’ म्हणजे जाणकार सोडून कुणीही चालेल.

एका रविवारी त्यांना एक जाहिरात दिसली. ‘दुर्मीळ. एकाच मालकाची. स्टुडिओत वापरलेली.’ किंमत नव्या गिटारीच्या वर. फोटो देखणे होते, पण प्रत्येकात गिटारीच्या गळ्यात मफलर. विकणाऱ्याचं नाव ‘संगीतसाधक’.

बाईंनी लिहिलं, “मफलर काढून मागून फोटो पाठवा.”

उत्तर आलं, “सध्या उजेड बरोबर नाही.”

“मग मीच येते. पत्ता द्या.”

पत्ता वाचून बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि चपला घातल्या. घर त्यांच्या धाकट्या भावाचं होतं.

दार त्यानेच उघडलं. “ताई? आज इकडे कशी?”

“गिटार बघायला.”

भाऊ बाजूला झाला. गिटार खुर्चीत पाहुण्यासारखी बसली होती.

“काढ तो मफलर.”

“शोभेला आहे गं.”

“माझ्याकडे एक्स-रेला येणारेही गळ्यातल्या साखळीबद्दल असंच म्हणतात. काढ.”

मानेवर आडवी भेग होती, डिंक भरून वर तपकिरी नेलपॉलिश लावलेली.

“जोडली आहे ना पण,” भाऊ म्हणाला.

“हाड जोडलेल्या माणसाला आम्ही दुर्मीळ म्हणत नाही. आणि कुठल्या स्टुडिओत वापरली?”

“माझ्याच. फोटो स्टुडिओत. लोक हातात धरून फोटो काढायचे.”

“एकाच मालकाची?”

“एका वेळी एकच असतो की मालक.”

आतून भावजय आली. “ताई, बोलू नका त्यांना. स्टुडिओला कुलूप लागल्यापासून घरातलं एकेक विकायला काढलंय. काल माझ्या शिलाई मशीनचा फोटो काढत होते.”

स्टुडिओ बंद झाल्याचं बाईंना आत्ता कळत होतं. बाईंना वाईट वाटलं. तसं बोलून दाखवायची सवय दोघांनाही नव्हती, म्हणून त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि तारा जुळवायला घेतल्या. दुसरी तार दाद देईना.

“तू फोटो चांगला काढतोस,” त्या म्हणाल्या. “मग लपवायला कशाला काढतोस? भेगेचाच काढ.”

भावाने काढला. खिडकीचा उजेड आडवा घेऊन काढला. भेग इतकी स्वच्छ आली, की बाईंनी सवयीने ती कुठून कुठवर गेली आहे ते पाहिलं. खाली त्यांनी लिहून घेतलं, ‘मान मोडून जोडलेली. दुसरी तार हट्टी. आवाज गोड.’ किंमत पावपट.

गिटार विकली गेली नाही. एक गृहस्थ टॉर्च घेऊन आले, अर्धा तास आत डोकावले आणि म्हणाले, “एवढं स्वतःहून सांगताय, म्हणजे न सांगितलेलं केवढं असेल!” दुसऱ्याने फोनवरच विचारलं, की यात फसवणूक नेमकी कुठे आहे.

मग एका वाद्यांच्या दुकानदाराचा फोन आला. जुनी वाद्यं विकत घेऊन विकण्याचा त्याचा धंदा होता.

“गिटार नको,” तो म्हणाला. “ती भेग कुणी टिपली?”

आता भाऊ त्याच्या दुकानात वाद्यांचे फोटो काढतो. तो ओरखडे फार दाखवतो अशी दुकानदाराची तक्रार असते, पण माल परत येणं थांबल्यामुळे ती तक्रारीपुढे जात नाही.

आपल्या गिटारीची जाहिरात मात्र भावाने अजून काढून टाकलेली नाही. रविवारी एक्स-रेबाई त्याच्याकडे जातात आणि संध्याकाळपर्यंत ती वाजवत बसतात. गिऱ्हाईक आलंच तर वाद्य सुरात असलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.