कर्ण्यावरची सिंधू

माझी बालमैत्रीण सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तिचा मुलगा म्हणाला आणि लगेच रक्षाविसर्जनाची वेळ सांगायला लागला. मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं... तिसऱ्या दिवशी सांगलीजवळच्या तिच्या सासरच्या गावी नदीकाठी गेले, आणि तिथं जो राग डोक्यात गेला तो इतके आठवडे झाले तरी उतरलेला नाही. आमच्याकडे रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. पुरुष पुढं, बायका मागं लिंबाच्या सावलीत. कुणी कारखान्याचे संचालक उठले, कुणी सोसायटीचे चेअरमन उठले, आणि सगळ्यांचं पालुपद एकच. माउली अबोल होती. उंबऱ्याबाहेर तिचा आवाज कधी कुणी ऐकला नाही. बाई असावी तर अशी! आणि माना डोलत होत्या. मला वाटलं, उठावं आणि त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावून घ्यावा. समोर तिचा मुलगा हात जोडून उभा होता, त्याच्याकडे बघून दातओठ खात बसून राहिले. पण इथं मला कोण अडवणार आहे? म्हणून लिहिते.

अबोल? सिंधू? अहो, सिंधूचा आवाज सबंध गावानं ऐकलाय, आणि तोही कर्ण्यावरून.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं दोघींचं माहेर म्हसवडच्या अलीकडचं, पाण्याच्या नावानं ठणठणाट असलेलं गाव. सुगी उरकली की ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात तंबू टॉकीज यायचं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, मध्ये कनात, आणि जमिनीवर आपापली पोती टाकून बसायचं. मराठी-हिंदी सिनेमे असायचेच, पण तंबूवाले अण्णा अधूनमधून कुठून तरी इंग्रजी सिनेमांच्या जुन्या पेट्या उचलून आणायचे. राकेटं, अजस्र सरडे, चांदीसारखे कपडे घातलेली माणसं, तलवारी, उडणारे गालिचे! पुरुषांचं ठीक होतं, हाणामारी दिसली की शिट्ट्या मारायला भाषा लागत नाही. बायका मात्र वैतागायच्या. "आगं, ही बया रडती का?" असं कुणी तरी विचारायचं, आणि सिंधू सांगायची.

तिला इंग्रजी येत होतं असं समजू नका. मॅट्रिकला आम्ही दोघी बरोबर बसलो, इंग्रजीत दोघी काठावर पास, आणि तिला माझ्याहूनही कमी मार्क. ती धडधडीत खोटं सांगायची. पडद्यावरची तोंडं बघायची आणि गोष्ट रचायची, पण अशी की ऐकणारीचा हात तोंडापर्यंत जाऊन शेंग तशीच राहायची. "ही चंद्रावरची बाई हाय," ती एकदा म्हणाली. "तिकडं पानी न्हाई, म्हनून हिकडं आलीया. आन बघा बिचारीचं नशीब, उतरली ती आपल्या मान तालुक्यात!" बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. कनातीपलीकडून पुरुष ओरडले, काय झालं गं, आमालाबी सांगा की.

मग तो रिळांचा घोटाळा झाला. मशीनवरच्या माणसानं पेटीतली रिळं उलटसुलट लावली. आधीच्या रिळात ज्वालामुखीत पडून जळालेला नायक पुढच्या रिळात खुशाल घोड्यावरून चाललेला. पुरुषांच्या बाजूला बोंब उठली, कुणी तंबूचे दोर सोडायला धावलं. आणि सिंधू उभी राहिली. बसल्या जागी नाही, उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गप बसा वं समदी! त्यो मेला न्हाई. त्या दाढीवाल्या म्हाताऱ्यानं काळाचं चाक उलटं फिरवलंय. आता समद्यास्नी पयल्यापासनं जगायचंय, पर मागचं कुनालाच आठवत न्हाई. फकस्त तिला आठवतंय." आणि तिनं पडद्यावरच्या नायिकेकडं बोट केलं. ती बिचारी तेव्हा नुसतीच खिडकीतून बाहेर बघत होती, पण त्या क्षणापासून सगळ्या तंबूला ती सगळं आठवत असल्यासारखी दिसायला लागली. मलासुद्धा. सिनेमा संपेपर्यंत दोन्ही बाजूंना चिडीचूप, सिंधूचा आवाज तेवढा.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रिळं नीट लावून घेतली, तर गाव खवळलं. "कालच्यावानी लावा! ह्यो बोगस पिच्चर हाय!" शेवटी अण्णांनी मुद्दाम रिळं उलटसुलट लावली आणि बायकांच्या बाजूला, कनातीच्या आड, सिंधूच्या हातात माइक दिला. कर्णा बाहेर बांबूवर. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून बैलगाड्या जुंपून माणसं आली. मुक्काम हलवायची वेळ झाली तरी अण्णांना हलता येईना.

अण्णांची बायको तिकिटाच्या खिडकीवर बसायची. मोठ्या मनाची बाई. ती एके दिवशी सिंधूला म्हणाली, "पोरी, म्हसवडच्या जत्रंला चल आमच्यासंगं. माझ्याजवळ ऱ्हा, माझ्या शेजारी नीज." सिंधूला त्या दिवसांत मी जशी पाहिली तशी पुन्हा कधी पाहिली नाही. चालताना पाय जमिनीला लागत नव्हते. आटलेल्या विहिरीत वाकून ती म्हाताऱ्याचा आवाज काढून बघायची, राक्षसाचा काढायची, राणीचा काढायची. वडील नव्हते. थोरल्या भावाच्या हो-नाहीवर सगळं अडलं होतं. तो फौजेत, आणि रजेवर यायचाच होता. "दादा न्हाई म्हननार न्हाई," ती मला सांगायची. "त्येनं जग बघितलंय."

जग बघितलेला दादा ट्रंक खांद्यावर घेऊन एसटीतून उतरला तेव्हा दिवस मावळत होता आणि कर्ण्यावर सिंधू राणीच्या आवाजात राक्षसाला झापत होती. चहाच्या गाड्यावरची माणसं कौतुकानं म्हणाली, "हवालदार, भैन तुमची लय झ्याक सांगती गड्या!" त्यांना वाटलं, भाऊ खूश होईल. दादाचा चेहरा दगडासारखा झाला, असं नंतर त्यातल्याच एकानं मला सांगितलं. चार पुरुषांच्या तोंडी बहिणीचं नाव, आणि तेही बसस्टँडवर! शिवी दिली असती तर त्यानं एक वेळ सोसली असती. कौतुक सोसवलं नाही.

सकाळी मी त्यांच्या चुलीपाशी होते. दादा भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "आजपास्नं तंबूत जायचं न्हाई." सिंधू परातीतले हात तसेच ठेवून म्हणाली, "पर दादा, मला कोन बघतंय? मधी कनात असती की."

"आवाजाला कनात न्हाई," दादा म्हणाला, आणि पुढचा घास घेतला.

झालं. एवढंच. ना आरडाओरडा, ना मारझोड. ती रजा संपायच्या आत त्यानं कृष्णाकाठचं उसाचं घर बघितलं आणि तिचं लग्न लावून दिलं. लग्नात तो ढसाढसा रडला. तो वाईट माणूस नव्हता, असं मला आजवर कितीतरी जणांनी ऐकवलंय. मला माहीत आहे. वाईट असता तर मला इतकी चीड आली नसती, नालायक म्हणून सोडून दिला असता. माया करणाऱ्या माणसानं मायेनंच बहिणीचा गळा बंद केला, आणि गावानं त्याला शाबास म्हटलं. जे गाव बैलगाड्या जुंपून तिला ऐकायला आलं होतं, त्यातलं एकही माणूस दादाच्या दारात जाऊन म्हणालं नाही, की बाबा, पोरीला बोलू दे.

त्यानंतर मी तिच्या सासरी अधूनमधून जायची. मी शिक्षिका झाले, दिवसभर वर्गात घसा फोडायची, आणि ती समोर बसून "व्हय", "न्हाई", "च्या घे" एवढंच. तिच्या घरी टीव्ही आला. रामायण-महाभारताला अर्धं गाव त्यांच्या सोप्यात. मग मालिका आल्या, मग इंग्रजी मारामारीचे सिनेमे चक्क हिंदीत बोलायला लागले. मी एकदा चिडूनच विचारलं, "सिंधे, तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलंय?" ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता काय सांगायचं कमळे? त्यात समदी आपली आपनच बोलत्यात की." मला तिचाही राग आला. तिनं भांडायला हवं होतं, आदळआपट करायला हवी होती... निघताना मी तिच्याशी धड बोललेही नाही.

परवा पुन्हा तिच्या घरी गेले. तिचे यजमान अंगणात खाटेवर बसले होते, मुलगा कारखान्यावर गेलेला. सून मंगल मला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथं सिंधूचा पलंग आणि भिंतीवर टीव्ही. मंगलनं खालच्या आवाजात सांगितलं, "शेवटी शेवटी आत्याबाईंचं जरा डोस्कं फिरलं हुतं मावशी. दुपारी समदी रानात गेली, की टीवी लावायच्या आन आवाज बंद करायच्या. आन मग एकट्याच बडबडत बसायच्या. डाक्टरला दाखवलं, त्यो म्हनला वयामुळं हुतंय."

"काय बोलायची?" मी विचारलं.

"कुनाला ठावं? कोन ऐकत बसतंय."

मी तिला टीव्ही लावायला सांगितला आणि आवाज बंद करायला लावला. कुठला तरी परदेशी सिनेमा चालू होता. चिलखत घातलेला एक माणूस आगीतून पळत होता. मला सिंधूसारखं येत नाही, कधीच आलं नाही, पण मी आपलं सुरू केलं, "हा आहे ना, हा आपला जीव वाचवायला पळतोय..."

"न्हाई वं मावशी," मंगल पटकन म्हणाली. "त्यो जीव वाचवायला पळत न्हाई. त्येची भैन आत अडकलीया. तिला बोलता येत न्हाई, राक्षसानं तिचा आवाज काढून डबीत ठेवलाय. त्यो तीच डबी..." आणि ती थांबली. कानापर्यंत लाल झाली.

म्हणजे ही रोज दुपारी रानातून लवकर परत येत होती. दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. आणि घरात कुणाला, अगदी सिंधूलासुद्धा, कळू दिलं नव्हतं.

"पुढं?" मी म्हणाले. "सांग ना. मोठ्यानं सांग."

मंगलनं अंगणाकडं बघितलं. सासरे खाटेवर पेपर वाचत होते. ती उठली, आधी दार लावून कडी घातली, आणि मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात सांगायला लागली.