माझं मागाहून

बोलताना ते तोंड डावीकडे वळवायचे. समोर तुम्ही उभे असलात तरी शब्द जायचे भिंतीकडे. आमच्या अंधेरीच्या छापखान्यात त्या भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर होतं. ख्रिश्चन असूनही हा माणूस दिवसभर लक्ष्मीशी गप्पा मारतो, अशी आम्ही थट्टा करायचो. त्यावर तेही हसायचे, लक्ष्मीकडे बघूनच.

एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. मी तिथे प्रूफं तपासायचो, ते टाइप जुळवायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, औषधांची लेबलं. क्षयाच्या इस्पितळात दोन वर्षं काढून ते कामावर परतले, त्या दिवशी त्यांनी खिशातून डॉक्टरांचा दाखला काढून माझ्यापुढे धरला. रोग पूर्ण बरा झाला आहे, असं त्यात लिहिलं होतं. "असू द्या हो, असू द्या," असं म्हणत मी मान पुढे करून तो लांबूनच वाचला. माझ्या हातात प्रूफं होती ना, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

चहा आला की ते म्हणायचे, "तुम्ही घ्या, माझं मागाहून." सगळ्यांचे कप उचलले गेले की खुंटीवरचा आपला अॅल्युमिनियमचा पेला काढायचे आणि उरलेला चहा त्यात ओतून घ्यायचे. वेगळा पेला आणा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता नको, असंही कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

ते इस्पितळात असताना त्यांची बायको टायफॉइडने गेली. पत्र पोचलं तेव्हा तिला माती देऊन आठवडा झाला होता. सात वर्षांच्या मुलीला मुलुंडच्या मावशीने आपल्या घरी नेलं. बरे होऊन हे तिला आणायला गेले, तर मावशीने त्यांना दारातच थांबवलं. "भाऊजी, रागावू नका. बहीण तर गेली माझी. पोरीला तरी जपू द्या." त्यांनी दाखला दाखवला. मावशीने तो वाचला, डोळे पुसले आणि दारात एक स्टूल आणून ठेवलं.

पुढची पाच वर्षं ते त्या स्टुलावर बसले. दर रविवारी उपासना आटोपली की बस बदलत मुलुंड गाठायचे. मुलगी आत पलंगावर, हे दारात. ती शाळेतलं काहीबाही सांगायची, हे तोंड वळवून उत्तरं द्यायचे आणि संध्याकाळी एकटे परत यायचे. सोमवारी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"येतो ना भाऊ. थकून जातो," त्यांनी कॅलेंडरला सांगितलं. "पण देवाने मला इस्पितळातनं परत आणलं ते काय दारात बसवायला? आत नेईल तो. उशीर लागतोय, एवढंच."

त्यांच्या या भरवशाची मला कधी कधी चीड यायची. तुम्हीही असं कोणी पाहिलं असेल. आशा धरून बसलेल्या माणसाशेजारी काम करणंही दमवणारं असतं.

एका ईस्टरला मुलीचं पहिलं प्रभुभोजन ठरलं, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. "तुम्ही या," ते मला म्हणाले. "माझ्या बाजूने कोणीतरी हवं." मुलुंडच्या त्या छोट्या देवळात मी शेवटच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. त्यांच्या मंडळीत द्राक्षारसाचा प्याला सगळ्यांना मिळून एकच. लोक कठड्यापाशी गुडघे टेकतात, पाळक एकेकाच्या ओठाला प्याला लावतात, कड पुसतात आणि पुढे सरकतात. इस्पितळातून आल्यापासून यांनी तो प्याला घेतलाच नव्हता. भाकर घ्यायचे आणि प्याला जवळ यायच्या आत उठायचे. पाळकांनी किती समजावलं तरी तेच, "आधी मंडळीला द्या, माझं मागाहून." ते मागाहून कधी आलंच नाही.

मुलांची नावं पुकारली. आई-बापांनी मुलांबरोबर पुढे जायचं होतं. हे हलेनात. पांढऱ्या फ्रॉकमधली त्यांची मुलगी अर्ध्या वाटेत थांबली, मागे वळून आमच्या बाकापाशी आली आणि तिने त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"चला ना पप्पा. आधी तुम्ही, मग मी."

"नको गं. तू घे, माझं मागाहून..."

"नाही. मला तुमच्यानंतरच घ्यायचंय."

मावशी ताडकन उठून उभी राहिली. आता ही पोरीला ओढून नेणार, असं मला वाटलं. मावशी तशीच थोडा वेळ उभी होती. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बसली.

बापलेकीने गुडघे टेकले. पाळकांनी प्याला पुढे केला तेव्हा यांचं तोंड सवयीने डावीकडे वळलं. डावीकडे मुलगी होती. तिने त्यांच्या हनुवटीला हात लावून ते सरळ केलं. ते प्याले. पाळकांनी कड पुसली. मग ती प्याली. मी रडलो, त्यात लाज कसली.

दुसऱ्या दिवशी चहा आला, तर त्यांनी ट्रेमधला कप सगळ्यांच्या आधी उचलला. खुंटीवरच्या पेल्यात पुढे आम्ही खळ कालवायला लागलो. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मावशी स्वतःच मुलीला ट्रंकेसकट अंधेरीला सोडून गेली. त्यांचं तोंड मात्र शेवटपर्यंत भिंतीकडेच वळत राहिलं.

ते जाऊनही आता वर्ष होत आलं. निजल्या जागीच गेले. मला कळलं तेव्हा त्यांना माती देऊन आठवडा झाला होता. घरी गेलो. मुलीने चहा दिला, मग गीतांच्या पुस्तकातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "पप्पांनी जपून ठेवला होता. बघता, काका?"

तोच दाखला होता, घड्यांवर फाटलेला. मी कप खाली ठेवला आणि या वेळी दाखला हातात घेतला.