जीपमधलं इंग्रजी गाणं

मानवतहून पाथरीला मी रोज ज्या जीपनं जातो, तिचा ड्रायव्हर महिन्यापासून एकच इंग्रजी गाणं लावतोय. मागं कुणीतरी संथ ठोके देत राहतो आणि एक बाई विहिरीतून हाका मारल्यासारखी गाते. सकाळी सकाळी डोकं उठतं. वर हा बाबा प्रत्येक फाट्यावर आवाज वाढवून, मान बाहेर काढून लोकांची तोंडं बघतो.

शेवटी मी वैतागलो. "अहो, दुसरं काही नाहीच का तुमच्याकडं?"

"हाय की, सर. पण ह्यो पेनड्राइव्ह कुन्या पॅसेंजरचा गाडीत राहिलाय. ज्याचा आसंल त्यो गाणं ऐकून येईल की!"

त्या दिवसापासून मी गाणं नीट ऐकू लागलो; आता घरीही तेच गुणगुणतो. काल एका फाट्यावर एक मुलगी गाणं ऐकून थबकली. मी माझ्या बाजूची काच चटकन वर केली.