लाइटमामा आणि जिन्यातलं वायफाय

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अरुंद, दुमजली घर दिसतं. भिंती दगडी आणि अशा जाड, की शेजारच्या खोलीतली शिंक इकडे येऊ नये. मजल्याला मात्र लाकडी फळ्या. वर खुर्ची सरकली की खाली कळावं. सकाळची वेळ. खालच्या खोलीत खिडकीशी पलंग, पलंगावर एक बाई उशांना टेकून बसलेली. वरच्या खोलीत तिची सून, लॅपटॉपसमोर, चेहरा पांढराफटक. आणि जिन्याच्या मधल्या वळणावर, एका हातात मोबाइल, दुसरा हात कठड्यावर, असा सत्तरी ओलांडलेला एक माणूस श्वास रोखून उभा.

हे लाइटमामा. खरं नाव होतंच, पण नाटकवाल्यांनी ते कधी वापरलं नाही, आणि पुढे बँकेतसुद्धा मामा ते आठवून आठवून सांगत. उभा जन्म विंगेत गेला. दिवे लावणारे पुष्कळ असतात. मामांची मिजास वेगळी होती. एक दिवा मावळला कधी आणि दुसरा उगवला कधी, हे प्रेक्षकाला कळता कामा नये. नट या टोकाहून त्या टोकाला चालत जायचा, आणि दोन दिव्यांच्या मधल्या जागेत त्याच्या चेहऱ्यावर सावलीचा ठिपका पडायचा नाही. कारण तिथे मामा दोन्ही उजेड एकमेकांवर चढवून ठेवत. नवा दिवा आला तरी जुना काढायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. नवा केव्हा दगा देईल सांगता येत नाही.

घरात वायफाय बसवतानाही त्यांनी हेच केलं होतं.

जुना राउटर खालच्या खोलीत होता. वरपर्यंत त्याची रेंज पोचेना, म्हणून मेश आणलं: दोन पांढरे डबे, एक जिन्याखाली, एक वर. जुना काढून टाका, असं दुकानदार म्हणाला होता. पण जुन्यावर पलंगाशेजारची घंटा चालत होती. मामींच्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांचा आवाज उशीच्या पलीकडे जात नसे. हातातलं बटण दाबलं की स्वयंपाकघरात आणि वरच्या खोलीत टिणटिण व्हायची. मुलाने जहाजावर जाण्याआधी ती जोडून दिली होती, आणि पलंगाशी जुन्याचीच रेंज चांगली होती. तेव्हा मामांनी जुना जागच्या जागी ठेवला, त्याच्यातून वायर काढून मेशला दिली, आणि दोघांनाही एकच नाव, एकच पासवर्ड देऊन टाकला. जोड दिसता कामा नये.

आणि त्या दिवसापासून सुनेचे कॉल तुटायला लागले.

ती दुभाषी होती. डॉक्टर एका भाषेत बोलत, रोगी दुसरीत, आणि ही घरात बसून दोघांच्या मध्ये पूल बांधी. मागच्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "या गोळ्या आजपासून..." आणि पडदा काळा. पुढचं 'बंद' की 'दुप्पट', तेच राहिलं. दुसऱ्या खेपेला म्हातारा रोगी तिकडे रडायला लागला, आणि नेमका तेव्हाच कॉल गेला. ऑफिसने कळवलं, आज अकराच्या कॉलवर वरिष्ठ बाई स्वतः ऐकत बसतील. आजही तुटला, तर पुढचं काम येणार नाही.

आणि आत्ता, अकराच्या तासभर आधी, मैत्रिणीबरोबरच्या तालमीत तो पुन्हा तुटला होता.

"बाबा, मी हललेसुद्धा नाही हो खुर्चीतून," सून वरून म्हणाली. "मी त्यांना कळवून टाकते. आज जमणार नाही म्हणून."

"थांब जरा. काही कळवू नकोस."

मामा मोबाइल घेऊन खाली उतरले, पुन्हा वर चढले. वायफायने फोनला दिलेला, नुसत्या आकड्यांचा पत्ता मोबाइलमध्ये दिसतो, तो त्यांनी आजवर कधी पाहिला नव्हता. खालच्या खोलीत तो एक होता. वर गेल्यावर दुसराच. आणि या मधल्या वळणावर, जिथे दोन्हींची रेंज सारखी, तिथे तो बघता बघता बदलला. त्या क्षणी, तपासायला म्हणून सुनेने त्यांच्या मोबाइलवर लावून दिलेला मैत्रिणीचा कॉल गप्प झाला.

मामा पायरीवर बसले.

राउटर दोन, आणि दोघंही स्वतःला घरमालक समजून आपापले पत्ते वाटत होते. नाव एकच, म्हणून लॅपटॉपला वाटे घर एकच. जो जरा जोरात दिसेल त्याच्याकडे तो उडी मारी, आणि तिथे गेल्यावर त्याचा पत्ताच पालटे. सुनेची खुर्ची नेमकी जिन्याच्या तोंडाशी. दोन दिव्यांच्या मधल्या ज्या जागी नटाचा चेहरा कधी काळवंडला नाही, तसलीच जागा मामांनी आपल्या हाताने सुनेला नेमून दिली होती.

खाली आले तेव्हा मामींनी एका नजरेत ओळखलं. त्यांचं आयुष्य नाटकाच्या कपडेपटात गेलेलं. अंगावरच्या टाक्यावरून माणूस वाचायची सवय.

"तुमचंच ना?" मामी पुटपुटल्या.

"माझंच."

"मला वाटलंच. जुन्या झग्याला नवी बाही... नुसती टाचलीत. आधी उसवायचं असतं, अहो."

"उसवलं तर तुझी घंटा जाईल मधल्या मध्ये."

"मग तुम्ही बसा की. घंटेसारखे. तसेही वाजतच असता."

मामांना हसू आलं नाही. घड्याळाकडे बघवत नव्हतं. जुना काढायचा नाही, पण त्याची मालकी काढायची. पत्ते वाटायचं काम एकट्या मेशचं. जुन्याने फक्त ते पुढे पोचवायचे. नाव-पासवर्ड तेच ठेवायचं, म्हणजे घंटा आपणहून त्याला ओळखील. ओळखील का? एकदा पत्ते वाटणं बंद करून सेटिंग जतन केलं, की जुन्याच्या आत पुन्हा सहज शिरता येत नाही, एवढं त्यांना दुकानदाराला फोन केल्यावर कळलं होतं. चुकलं तर दुरुस्तीला वेळ नव्हता.

"वर सगळं बंद होईल बघ थोडा वेळ," त्यांनी जिन्यातून सांगितलं.

"बाबा, पंधरा मिनिटं राहिलीत!"

"माहीत आहे मला."

बोट मोबाइलवरच्या 'जतन करा'वर टेकलं आणि तसंच राहिलं. मग त्यांनी दाबलं. वायरी उपसल्या. बाहेरून येणारी वायर थेट मेशच्या डब्यात. मेशमधून निघालेली जुन्याच्या मागे, निराळ्या रंगाच्या भोकात नाही, त्याच्या शेजारच्या साध्या भोकांपैकी एकात. वायरीची चिमटी लागेना. लागली. दोन्ही डबे झोपून पुन्हा उठले. जिन्याखालचा दिवा नारिंगी लुकलुकत राहिला, लुकलुकतच राहिला, आणि मग एकदाचा स्थिर पांढरा झाला.

"आलं!" वरून सून म्हणाली, आणि लगेच तिचा आवाज बदलला. कामाचा, सरळ, स्वच्छ आवाज. कॉल सुरू झाला होता.

राहिली घंटा. ती लागली की नाही, हे बटण दाबल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि दाबलं तर सुनेच्या खोलीत, वरिष्ठ बाईंच्या कानात टिणटिण. मामांनी मामींच्या हातातलं बटण हलकेच काढून घेतलं आणि पलंगाशी खुर्ची ओढली.

"काय हवं ते मला सांग."

"काही नको. श्वास घ्या तुम्ही."

वरचं बोलणं फळ्यांतून येत होतं. शब्द कळत नव्हते, लय कळत होती. मग ती थांबली.

मामांची मान वर गेली. नाटकात थांबणं दोन प्रकारचं असतं, नटाने घेतलेलं आणि नटावर कोसळलेलं. विंगेतून ते दोन्ही त्यांना डोळे मिटून ओळखू येत. आज येईना. डॉक्टर बोलत असतील? रोगी रडत असेल? की पडदा काळा? ते उठले. जिन्यापर्यंत गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. ती पायरी करकरते. मामी त्यांच्याकडे बघत होत्या.

फळ्यांवर एकही हालचाल नाही.

मग सुनेचा आवाज आला. सावकाश, मऊ, एखाद्याचा हात हातात घेऊन बोलावं तसा. मामा मागे येऊन खुर्चीत बसले.

असं आणखी तीनचारदा झालं. प्रत्येक वेळी ते उठले, प्रत्येक वेळी बसले. शेवटी वर खुर्ची सरकली, हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि मामींनी कोणाला न विचारता नवऱ्याच्या मुठीतलं बटण दाबलं. वर आणि स्वयंपाकघरात, दोन्हीकडे टिणटिण झाली.

सून धावत खाली आली. "आई, काय झालं?"

"काही नाही. यांना बघायचं होतं."

सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली. "आजी होत्या एक. आपल्या सुनेला बाहेर पाठवून मग बोलल्या. बराच वेळ गप्प होत्या आधी. डॉक्टर थांबले, मीही थांबले." तिने डोळे पुसले. "वरिष्ठ बाई म्हणाल्या, सोमवारपासून रोजचे कॉल घ्या."

मामांनी मान हलवली. खाली वाकून जुन्या राउटरच्या मागची वायर घट्ट बसली आहे ना, ते बोटाने चाचपत राहिले.

"बाबा, आता पुन्हा नाही ना तुटणार?"

"आजचा प्रयोग पार पडला एवढं मला माहीत आहे," मामा म्हणाले. "सोमवारी मी जिन्यात उभा असेन. तू आधी दोन घास खा बघू, आवाज बसलाय तुझा."