पाण्याकडे पाठ

पाण्याकडे पाठ करून बसू नये, हे खाडीकाठचं शेंबडं पोरही जाणतं. जानूभाऊ मोहिते तर भरती कधी लागणार हे नुसत्या तिथीवरून सांगत. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, पण ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जाऊन खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं काढायची सवय लहानपणापासूनची. असा माणूस त्या द्वादशीला, उन्हं कलताना, खडकाच्या टोकावर समुद्राकडे चक्क पाठ करून बसला होता. कारण एवढंच की तसं बसलं म्हणजे मोबाइलवर आपलीच सावली पडते आणि अक्षरं नीट दिसतात.

पोफळी गावच्या कॉलनीत राहणाऱ्या लेकीनं, करुणानं, हा शब्दांचा खेळ त्यांच्या गळ्यात बांधला होता. सावर्ड्याच्या कुणा पोरानं एकट्यानं रचलेला. ना जाहिरात, ना ढॅणढॅण संगीत. रोज पाच अक्षरांचा एक शब्द, सहा वेळा अंदाज करायचा, बरोबर अक्षर हिरवं होतं. संपलं की दुकान बंद, उद्या या. खेळानं आग्रह करकरून वाढलं असतं, तर जानूभाऊ केव्हाच हात धुऊन मोकळे झाले असते. हा मेला घासभर देऊन ताट उचलतो. त्यात शब्द सगळ्यांना तोच. तो लेकीला सुटला आणि बापाला नाही, म्हणजे तोंड कुठं लपवायचं?

घरी सोडवायची सोय नव्हती. पत्नी चंपाबाई भाकरी थापता थापता शब्द ओळखून मोकळ्या होत, आणि वर तो बरोबर असे. म्हणून कालवांचं निमित्त, आणि हा खडक.

चार अक्षरं हिरवी झाली होती. मधलं एक रिकामं. अंदाज एकच उरलेला. दातात अडकलेल्या सुपारीसारखं ते अक्षर जिभेला लागत होतं, निघत नव्हतं. मागं पाण्याचा आवाज बदलला. आधी नुसतं चुळचुळत होतं, आता कुणी घोट घ्यावेत तसं वाजू लागलं. कान ऐकत होते. डोकं म्हणत होतं, थांब, आलंच.

काठावर चंपाबाई दोन्ही हात हलवत होत्या. उत्तर सांगायला आली ही, असं समजून जानूभाऊंनी जोरानं मान हलवली.

मग त्यांची कालवांची बादली समोरून तरंगत गेली.

खडक आणि काठ यांच्यामधलं पाणी ओहोटीला घोट्याएवढं असतं. आता ते काळं दिसत होतं. भरतीचं पाणी, आणि गुडघ्यांनी पोहणं कधीच सोडलेलं. मोबाइल टोपीत खोचून ते उतरले. पाणी छातीला लागलं, पायाखालची वाळू सरकली. तेवढ्यात हाताला बांबू लागला. चंपाबाई कुंपणातला बांबू उपसून कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या होत्या.

बांबूला धरून दोघं काठाला लागली. खडक दिसेनासा झाला होता.

"बाबा कशापायी गेले म्हणून करुणानं इचारलं असतं, तर काय सांगायचं मी?" चंपाबाई म्हणाल्या. "एका अक्षरापायी?"

जानूभाऊंनी टोपीतून मोबाइल काढला. करुणाचा निरोप आलेला: बाबा, आज हरलात वाटतं? ओला अंगठा आपसूक त्या रिकाम्या चौकटीकडे निघाला.

चंपाबाईंनी मोबाइल काढून घेतला. एकेक अक्षर शोधत त्यांनी लेकीला लिहिलं, "आज बाबा वाचले. उद्याचं त्यांनाच विचार."